मागणी आणि मांडणी : चळवळींचे संभाव्य सोबती का दुरावतात?

सामाजिक चळवळीचे यश तिच्या निष्ठावंत कार्यकर्त्यांच्या संख्येपेक्षा तिच्याशी अर्धेमुर्धे सहमत असलेल्या माणसांच्या वागण्यावर अधिक अवलंबून असते. कोणत्याही प्रश्नाच्या संदर्भात समाजाकडे पाहिले, तर एका टोकाला त्या प्रश्नासाठी वेळ, पैसा आणि प्रसंगी तुरुंगवासही पत्करणारे मूठभर लोक दिसतात, दुसऱ्या टोकाला ज्यांचे हितसंबंध दुखावले जाणार आहेत असे तितकेच ठाम विरोधक दिसतात, आणि या दोहोंच्या मध्ये एक फार मोठा समूह असतो, ज्याला अन्याय दिसतो, तो चुकीचाही वाटतो, परंतु त्याविरुद्ध आपण स्वतः काही करावे अशी निकड अजून वाटलेली नसते. या मधल्या समूहाला संभाव्य पाठीराखे म्हणता येईल. निवडणुकीतले मत, विधिमंडळातले बहुमत, ग्रामसभेचा ठराव, कार्यकर्त्यावर हल्ला झाल्यावर शेजाऱ्यांनी उघडलेला दरवाजा, हे सारे याच समूहातून येते. चळवळीचा जाहीर संदेश, म्हणजे तिच्या घोषणा, पत्रके, फलक, भाषणे आणि रस्त्यावरची कृती, मुख्यतः या माणसासाठी असायला हवा. प्रत्यक्षात मात्र तो कित्येकदा असा घडतो की नेमका हाच माणूस एक पाऊल मागे सरकतो.

हे मागे सरकणे दोन अगदी वेगळ्या कारणांनी होते आणि त्यांची गल्लत झाली की चर्चा भरकटते. काही माणसे मागणीमुळे दुरावतात. पाणवठा सर्वांसाठी खुला करा, असे म्हटल्यावर ज्याला तो आपल्यापुरताच ठेवायचा आहे तो दुरावणारच. त्याला चुचकारण्यासाठी मागणी बोथट केली, तर चळवळीचे प्रयोजनच उरत नाही. दुसरी माणसे मांडणीमुळे दुरावतात. त्यांना मागणी मान्य असते किंवा मान्य होण्याच्या बेतात असते, पण ज्या शब्दांत, ज्या प्रतिमेत किंवा ज्या कृतीतून ती त्यांच्यापर्यंत पोहोचते, तीत त्यांना आपला अपमान, आपल्याविषयीचा संशय किंवा आपल्या जगण्याबद्दलची बेफिकिरी दिसते. दोघांत फरक करण्याची कसोटी सोपी आहे : मागणी कायम ठेवून मांडणी बदलली, तर हा माणूस सोबत येईल का? येत असेल, तर त्याला गमावणे हा चळवळीचा निव्वळ तोटा आहे. व्यवहारात मात्र प्रस्थापित लोक मागणीला असलेला आपला विरोध ‘भाषा फार कडक आहे’ या तक्रारीआड लपवतात, तर कार्यकर्ते भाषेविषयीची प्रत्येक तक्रार म्हणजे मागणीला विरोधच, असे समजून झटकून टाकतात. या दोन सवयी एकमेकींना पोसतात.

मांडणीने मागणीचे किती नुकसान होऊ शकते, याचे अलीकडचे ठळक उदाहरण अमेरिकेतील मिनियापोलिस शहराचे आहे. २५ मे २०२० रोजी तेथे एका गोऱ्या पोलीस अधिकाऱ्याने जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाच्या मानेवर गुडघा दाबून धरल्याने त्याचा मृत्यू झाला आणि त्याच्या चित्रफितीने देश हादरला. पोलीस व्यवस्थेत मोठे बदल हवेत, असे मत त्या उन्हाळ्यात बहुसंख्य अमेरिकन नागरिक नोंदवत होते. म्हणजे मधला समूह प्रथमच मोठ्या प्रमाणात हलला होता. याच वेळी ‘डिफंड द पोलीस’, म्हणजे पोलिसांचा निधी काढून घ्या, ही घोषणा चळवळीची ओळख बनली. या एका घोषणेखाली तीन भिन्न मागण्या एकत्र आल्या होत्या : पोलीस दल पूर्णतः बरखास्त करणे, त्याच्या अंदाजपत्रकात कपात करणे, आणि मानसिक आजार, बेघरपणा, व्यसन यांसारख्या प्रसंगी बंदूकधारी पोलिसाऐवजी प्रशिक्षित समाजसेवक पाठवता यावेत म्हणून निधीचा काही भाग वळवणे. तिसरी मागणी बहुतेकांना पटण्यासारखी होती. पण घोषणा ऐकणाऱ्याला ती तिसरी मागणी आपोआप ऐकू येत नाही. संदिग्ध घोषणेत प्रत्येक जण आपली सर्वांत मोठी भीती भरतो, आणि रात्री घरफोडी झाली तर फोन कोणाला करायचा, या प्रश्नाचे उत्तर त्या घोषणेत नव्हते.

अधिक बोलकी बाब अशी की, ज्यांच्या वतीने ही घोषणा दिली जात होती, त्यांच्याही अनुभवाशी ती जुळत नव्हती. ऑगस्ट २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या गॅलप या संस्थेच्या पाहणीत ८१ टक्के कृष्णवर्णीय नागरिकांनी आपल्या वस्तीत पोलिसांनी आताइतकाच किंवा आताहून अधिक वेळ द्यावा, असे सांगितले. त्यांना पोलीस नको नव्हते, पोलिसांकडून माणसासारखी वागणूक हवी होती. बराक ओबामा यांनी त्याच वर्षाच्या अखेरीस इशारा दिला की, अशी चटकदार घोषणा उच्चारताक्षणीच श्रोत्यांचा मोठा भाग निघून जातो. त्यावर अनेक कार्यकर्ते संतापले. नोव्हेंबर २०२१ मध्ये मिनियापोलिसच्या मतदारांसमोर पोलीस विभागाच्या जागी सार्वजनिक सुरक्षेचा नवा विभाग आणण्याचा प्रस्ताव आला आणि सुमारे ५६ विरुद्ध ४४ टक्क्यांनी तो फेटाळला गेला. ज्या शहरात फ्लॉइडचा जीव गेला, त्याच शहरात हे घडले. या पराभवाचे सगळे खापर घोषणेवर फोडणे अन्यायाचे होईल, कारण त्या काळात तेथे गुन्हेगारीही वाढली होती. तथापि बदल हवा असलेल्या पण भयभीत झालेल्या मतदाराला घोषणेने विरोधकांच्या हाती आयते सोपवले, हे नाकारता येत नाही.

असे का होते, याचा अभ्यास समाजशास्त्र आणि मानसशास्त्र या दोन्ही शाखांनी केला आहे. समाजशास्त्रात ‘चौकट’ ही संकल्पना वापरली जाते. एखाद्या घटनेकडे कोणत्या चौकटीतून पाहायचे, म्हणजे ती दुर्दैव मानायची की अन्याय, दोष कोणाचा आणि उपाय कोणता, हे ठरवून देण्याचे काम चळवळीचा संदेश करतो. डेव्हिड स्नो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये असे मांडले की, चळवळीची चौकट आणि सामान्य माणसाची आधीपासूनची मूल्यचौकट यांचा सांधा जुळल्याशिवाय माणसे चळवळीत येत नाहीत. माणूस नव्या विचाराकडे आपली जुनी मूल्ये सोबत घेऊन येतो; ती दाराबाहेर टाकून या, असे सांगितले की तो दारातूनच परततो. मानसशास्त्राने याच अनुभवाची दुसरी बाजू दाखवली. जॅक ब्रेम यांनी १९६६ मध्ये मांडलेल्या सिद्धांतानुसार, आपले निवडीचे स्वातंत्र्य कोणी हिरावून घेत आहे असे वाटताच माणूस ते परत मिळवण्यासाठी सांगितल्याच्या उलट वागू लागतो, मग सांगितलेली गोष्ट त्याच्या हिताची का असेना. ‘तुम्ही हे केलेच पाहिजे, न केल्यास तुम्हीही गुन्हेगार’ अशा ढंगाचे संदेश नेमके हेच घडवतात. टोरोंटो विद्यापीठातील संशोधकांनी २०१३ मध्ये आणखी एक गोष्ट निदर्शनास आणली : स्त्रीवादी किंवा पर्यावरणवादी कार्यकर्ता म्हटल्यावर लोकांच्या डोळ्यांसमोर आक्रमक आणि विक्षिप्त माणसाची ठरीव प्रतिमा उभी राहते, आणि त्या प्रतिमेत बसणाऱ्या कार्यकर्त्याने सांगितलेली गोष्ट ते कमी स्वीकारतात, कारण तसल्या माणसांत आपली गणना व्हावी असे त्यांना वाटत नाही. अशी प्रतिमा बनवण्यात विरोधकांचा हात मोठा असतो, हे खरेच आहे. पण संदेश घडवणाऱ्याला ती गृहीत धरूनच चालावे लागते.

याशिवाय एक कारण चळवळीच्या आतच असते आणि ते अधिक चिवट आहे. घोषणा बाहेरच्यांसाठी असते असे मानले जात असले, तरी ती आतल्या माणसांसाठीही बरेच काम करीत असते. ती एकजूट टिकवते, थकलेल्यांना बळ देते, आणि कोण किती निष्ठावान आहे याचे मोजमापही पुरवते. हे शेवटचे काम सुरू झाले की भाषा हळूहळू आतल्या वर्तुळाकडे वळते. जो अधिक तीव्र शब्द वापरतो तो अधिक सच्चा ठरतो, जो ‘समोरच्याला हे कसे ऐकू येईल’ असे विचारतो तो तडजोडवादी ठरतो, परिभाषा दिवसेंदिवस बारीक होत जाते आणि ती न येणाऱ्याला अडाणी किंवा प्रतिगामी समजले जाते. नवखा माणूस पहिल्या बैठकीत चुकीचा शब्द वापरतो, त्याला चारचौघांत टोकले जाते आणि दुसऱ्या बैठकीला तो येत नाही. त्याचे जाणे कोणाच्या खिजगणतीतही नसते, कारण न आलेल्यांची नोंद कोणतीही संघटना ठेवत नाही.

मागणी तसूभरही कमी न करता मांडणी बदलल्याने काय साधते, याचा पुरावा अमेरिकेतील समलिंगी विवाहाच्या चळवळीत मिळतो. २००८ साली कॅलिफोर्नियात आणि २००९ साली मेन या राज्यात मतदारांनी असे विवाह नाकारले. तोवरच्या प्रचारात हक्क, कायदेशीर लाभ, विम्याचे आणि वारसाचे फायदे यांवर भर होता. पराभवानंतर चळवळीतील संस्थांनी मतदारांशी सविस्तर बोलून पाहिले, तेव्हा असे दिसले की स्वतः लग्न का केले या प्रश्नाला लोक प्रेम आणि आयुष्यभराची बांधिलकी हे उत्तर देतात, पण समलिंगी जोडप्यांना लग्न का हवे, या प्रश्नावर त्यांना हक्क आणि फायदे आठवतात. हा समज चळवळीच्या प्रचारानेच बळकट केला होता. त्यानंतरच्या प्रचारात वृद्ध आईवडील, शेजारी, धर्मोपदेशक, सैनिक पुढे आले आणि लग्नाचा अर्थ तोच, जो ऐकणाऱ्याच्या घरात आहे, असे सांगू लागले. मन बदलायला आपल्यालाही वेळ लागला, हे सांगायलाही ते कचरले नाहीत. २०१२ मध्ये मेनच्या मतदारांनी तोच प्रश्न पुन्हा समोर आल्यावर विवाहहक्काला मान्यता दिली. मागणी तीच होती, संपूर्ण विवाहाची. तिच्यात अर्धी वाट सोडलेली नव्हती. बदललेले मन जाहीरपणे बदलले असे म्हणण्याची मुभा या संदेशाने मतदाराला दिली, आणि हे त्याचे सर्वांत मोठे बळ होते.

शब्दांइतकीच कृतीही संदेश असते. १७ ऑक्टोबर २०१९ रोजी सकाळी लंडनच्या पूर्व भागात कॅनिंग टाउन स्थानकावर एक्स्टिंक्शन रिबेलियन या हवामानविषयक संघटनेचे दोन कार्यकर्ते भुयारी रेल्वेच्या डब्याच्या टपावर चढले. फलाटावर कामावर निघालेल्यांची गर्दी होती, गाडी अडली, लोकांचा संयम सुटला आणि प्रवाशांनीच एका कार्यकर्त्याला पाय धरून खाली ओढले. हवामानबदलाची भीती खरी होती, कार्यकर्त्यांची कळकळही खरी होती, परंतु ज्या वाहनाचा अधिकाधिक लोकांनी वापर करावा असे प्रत्येक पर्यावरणवादी सांगतो, तीच विजेवर चालणारी सार्वजनिक गाडी त्यांनी अडवली, आणि तीही कष्टकऱ्यांच्या भागात, जिथे उशीर झाला तर मजुरी कापली जाते. कृतीचे लक्ष्य आणि कृतीचा त्रास भोगणारा माणूस यांचा काही संबंध उरला नाही, की त्या कृतीचा अर्थ लोक स्वतः लावतात, आणि तो बहुधा ‘यांना आमची पर्वा नाही’ असा असतो. या संघटनेने ३१ डिसेंबर २०२२ रोजी सार्वजनिक जीवन विस्कळीत करणे हे आपले मुख्य साधन राहणार नाही असे जाहीर केले, आणि पुढच्या एप्रिलमध्ये अनेक संस्थांना सोबत घेऊन संसदेजवळ चार दिवसांचे शांततापूर्ण निदर्शन भरवले. एका जिवंत संघटनेने आपली मांडणी तपासून पाहावी, ही आदराची गोष्ट आहे.

यावर एक गंभीर आक्षेप आहे आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. लोकांना न आवडणारी चळवळ अपयशी असते, असे इतिहास सांगत नाही. १९६१ साली गॅलपच्या पाहणीत ५७ टक्के अमेरिकनांनी असे मत दिले होते की, भोजनगृहांत ठिय्या देणे आणि बसमधून वर्णभेद मोडणाऱ्या यात्रा काढणे यांमुळे कृष्णवर्णीयांच्या हेतूला धक्काच बसेल. १९६६ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांच्याविषयी प्रतिकूल मत असलेल्यांचे प्रमाण ६३ टक्के होते. बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून १९६३ साली लिहिलेल्या पत्रात किंग यांनी सर्वाधिक निराशा व्यक्त केली ती ‘थोडे थांबा’ असे सांगणाऱ्या मवाळ गोऱ्यांबद्दल. त्यांचे ऐकून चळवळ थांबली असती, तर १९६४ चा नागरी हक्क कायदा झाला नसता. तेव्हा नावडतेपणाला घाबरणारी चळवळ काहीच करू शकत नाही, हे मान्य करावेच लागते.

मात्र या उदाहरणाकडे जवळून पाहिले, तर मागणी आणि मांडणी यांतला फरक अधिक स्पष्ट होतो. किंग यांच्यावर नाराज झालेले लोक मुख्यतः मागणीवर आणि तिच्या निकडीवर नाराज होते. मांडणीच्या बाबतीत त्या चळवळीइतकी दक्षता क्वचितच कोणी घेतली असेल. ठिय्या देणारे विद्यार्थी रविवारच्या प्रार्थनेला जाताना घालतात तसे स्वच्छ कपडे घालून, पुस्तके घेऊन बसत. शिव्या आणि मारहाण सोसण्याचा आधी सराव केला जाई. भाषणांत बायबल आणि अमेरिकेचे स्वातंत्र्याचे घोषणापत्र असे, म्हणजे ऐकणाऱ्याची स्वतःचीच मूल्ये त्याच्यासमोर धरली जात. कृतीचे लक्ष्यही अचूक होते : ज्या भोजनगृहात बसू दिले जात नव्हते, तिथेच ते बसत. त्या दशकातील आंदोलनांचा अभ्यास करणारे ओमर वासो यांनी २०२० मध्ये दाखवून दिले की, अहिंसक आंदोलनांनंतर, विशेषतः त्यांच्यावर पोलिसी अत्याचार झाल्यावर, वर्तमानपत्रांतील चर्चा नागरी हक्कांकडे वळली, तर हिंसक उद्रेकांनंतर ती कायदा-सुव्यवस्थेकडे वळली आणि त्याचा लाभ विरोधी राजकारणाला झाला. चळवळीची जहाल बाजू मवाळ बाजूला समंजस भासवते आणि तिचे बळ वाढवते, असाही एक सिद्धांत आहे आणि त्याला काही पुरावाही आहे. परंतु त्याचा लाभ मिळण्यासाठी मवाळ बाजू जहाल बाजूपासून वेगळी दिसावी लागते आणि तिचे दार उघडे असावे लागते.

महाराष्ट्रात या प्रश्नाचा सर्वांत दीर्घ आणि वेदनादायक अनुभव अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीने घेतला आहे. १९८९ साली महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन झाली तेव्हा तिचे संस्थापक डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्यासमोर अडचण अशी होती की, बुवाबाजीने सर्वाधिक नाडला जाणारा माणूस हाच श्रद्धाळू होता आणि चळवळीचा संभाव्य पाठीराखाही तोच होता. वारीला जाणारा, उपास करणारा, घरात गणपती बसवणारा माणूस भोंदूबाबाच्या विरुद्ध उभा राहू शकतो, किंबहुना त्यालाच त्या भोंदूची अधिक चीड येऊ शकते. पण आपल्या देवालाच हात घातला जातो आहे असे वाटले, तर तो भोंदूच्या बाजूला जाऊन उभा राहील. म्हणूनच समितीने आपली भूमिका वर्षानुवर्षे एकाच ठाम सुरात मांडली : देवाधर्माला विरोध नाही, देवाधर्माच्या नावावर होणाऱ्या शोषणाला विरोध आहे. या भूमिकेवर बुद्धिवाद्यांकडूनही टीका झाली. देव हीच मूळ अंधश्रद्धा असताना तिला हात न लावणे ही कचखाऊ वृत्ती आहे, असे त्यांचे म्हणणे होते. डॉ. श्रीराम लागू तर देवालाच निवृत्त करावे अशा मताचे होते, आणि तरीही दाभोलकर व लागू यांनी एकाच व्यासपीठावरून जाहीर वाद-संवाद केले, ज्यांत लागू आपली बाजू निर्भीडपणे मांडत आणि दाभोलकर समितीची भूमिका वेगळी का आहे हे सांगत. मतभेद लपवले गेले नाहीत, त्यांचाच कार्यक्रम झाला. सभागृहात बसलेल्या श्रद्धाळू माणसाला यातून कळत होते की, या चळवळीत यायला नास्तिक व्हावे लागत नाही.

समितीला या प्रदेशात एक मोठा वारसाही उपलब्ध होता. संत तुकारामांनी नवससायासांवर कोरडे ओढले होते आणि गाडगेबाबांनी कीर्तनाच्या आधी हातात खराटा घेऊन गाव झाडले होते. गाडगेबाबांची पद्धत संदेशाचा अभ्यास करणाऱ्या प्रत्येकाने बारकाईने पाहण्यासारखी आहे. ते उपदेश कमी करीत आणि प्रश्न अधिक विचारीत. देवापुढे बकरे कापणाऱ्या, तेराव्याच्या जेवणासाठी कर्ज काढणाऱ्या श्रोत्याला त्याच्याच वऱ्हाडी बोलीत एकामागून एक साधे प्रश्न विचारून ते उत्तर त्याच्याच तोंडून वदवून घेत, त्यामुळे निष्कर्ष श्रोत्याचा स्वतःचा होई आणि त्यापुढे हरल्याची भावना उरत नसे. त्यांचे म्हणणे सौम्य मुळीच नव्हते. पण ते म्हणणारा माणूस गावाची घाण स्वतः काढून मग बोलत होता, आणि पंढरपूरला यात्रेकरूंसाठी धर्मशाळा बांधत होता.

एवढी काळजी घेऊनही अशा शोषणाविरुद्धच्या कायद्यासाठी समितीने दिलेली लढाई अडली, हे सांगितलेच पाहिजे, कारण मांडणी सुधारली की सारे सुरळीत होते असा समज भाबडा आहे. जादूटोणाविरोधी विधेयक २००५ साली विधानसभेत मंजूर झाले, पण विधान परिषदेत अडकले आणि वर्षानुवर्षे पुढे सरकले नाही. वारी, पूजाअर्चा, कर्मकांड हे सारे गुन्हे ठरणार, असा प्रचार संघटितपणे केला गेला आणि वारकरी संप्रदायातील अनेक जण त्यामुळे विरोधात उतरले. हा प्रचार खोटा होता. तरी तो रुजला, याचे एक कारण असे की कायदा श्रद्धेवर बोलणार की कृतीवर, याबाबत सामान्य माणसाच्या मनात शंका होती आणि ‘श्रद्धा कोणती, अंधश्रद्धा कोणती, हे सरकार ठरवणार का?’ हा विरोधकांचा प्रश्न त्या शंकेवर नेमके बोट ठेवत होता.

२० ऑगस्ट २०१३ रोजी सकाळी पुण्यात दाभोलकरांची गोळ्या झाडून हत्या झाली. त्यानंतर काही दिवसांतच वटहुकूम निघाला आणि डिसेंबर २०१३ मध्ये कायदा मंजूर झाला. हा कायदा वाचताना दिसते की, त्याने वरच्या प्रश्नाचे उत्तर श्रद्धेची व्याख्या न करताच दिले आहे. त्याला जोडलेल्या अनुसूचीत १२ कृत्ये नोंदवलेली आहेत : भूत उतरवण्याच्या नावाखाली साखळीने बांधून मारणे, मिरचीची धुरी देणे, चटके देणे, करणी केली म्हणून एखाद्या बाईला चेटकीण ठरवून छळणे, साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला दवाखान्यात जाऊ न देता मंत्रतंत्र करणे, गुप्तधनासाठी नरबळी देणे, अशी ही कृत्ये आहेत आणि त्यांना सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा आहे. त्याचबरोबर कायदा कशाला लागू होणार नाही, हेही त्याने नावानिशी सांगितले : प्रदक्षिणा, यात्रा, परिक्रमा, हरिकथा, कीर्तन, प्रवचन, भजन, घरातली आणि देवळातली पूजा, मिरवणुका, कान-नाक टोचणे, जैनांचे केशलोचन, इतकेच काय, नंदीबैलवाले जोशी आणि ज्योतिषी यांचा सल्लासुद्धा. बुद्धिवाद्यांपैकी अनेकांना ही यादी म्हणजे माघार वाटली. परंतु मिरचीची धुरी सोसणाऱ्या बाईच्या बाजूने पाहिले, तर मागणीचा गाभा, म्हणजे तिचा छळ हा गुन्हा ठरणे, शाबूत राहिला, आणि वारकऱ्याला त्या बाईच्या विरोधात उभे करण्याचे साधन विरोधकांच्या हातून गेले. कर्नाटकानेही २०१७ साली याच धर्तीवर कायदा केला. महाराष्ट्राच्या कायद्यातील हे स्पष्टीकरण विधेयकाच्या पहिल्या मसुद्यापासून चळवळीच्या प्रत्येक पत्रकाच्या अग्रभागी असते, तर अपप्रचाराला इतके मोकळे रान मिळाले नसते.

मांडणीची काळजी घेणे म्हणजे धार कमी करणे नव्हे, हे महाराष्ट्राने त्याच्याही फार आधी पाहिले होते. मार्च १९२७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली महाडच्या चवदार तळ्याचे पाणी अस्पृश्यांनी प्याले. ते तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव तेथील नगरपालिकेने आधीच केलेला होता, आणि त्या नगरपालिकेचे धुरीण सुरबा टिपणीस हे या कामातील डॉ. आंबेडकरांचे सवर्ण सहकारी होते. त्यानंतर या लोकांवर हल्ले झाले आणि डिसेंबरमध्ये सत्याग्रह करायचे ठरले. त्या वेळी ब्राह्मणेतर चळवळीतील केशवराव जेधे आणि दिनकरराव जवळकर यांनी पाठिंबा देऊ केला, मात्र सत्याग्रहात ब्राह्मणांना घेऊ नये अशी अट त्यासोबत होती. संख्येच्या हिशेबाने हा पाठिंबा मोलाचा होता, आणि मार खाल्लेल्या लोकांच्या संतापाला तो पटलाही असता. डॉ. आंबेडकरांनी ‘बहिष्कृत भारत’ या आपल्या पत्रातून अट नाकारली. लढा ब्राह्मण्याशी, म्हणजे जन्माने उच्चनीच ठरवणाऱ्या वृत्तीशी आहे, ब्राह्मण व्यक्तीशी नाही. ती वृत्ती ब्राह्मणेतरातही असू शकते आणि तिच्यापासून मुक्त ब्राह्मणही असू शकतो, अशी त्यांची भूमिका होती. या भूमिकेने मागणी जराही सौम्य झाली नाही. उलट २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला, एका मुसलमान गृहस्थाने दिलेल्या जागेवरील मंडपात, मनुस्मृतीचे जाहीर दहन झाले, आणि त्या काळी याहून कठोर कृती कल्पनेतही येणे अवघड होते. त्या दहनाचा ठराव मांडणारे गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे हे ब्राह्मण होते.